अंतर बदलले की ठिपका बदलायला हवा

२०२५ च्या जुलैमध्ये चिलीतील अ‍ॅटलस दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पिंड, थ्रीआय/अ‍ॅटलस, सापडला आणि त्यानंतरचे काही महिने मराठी वाहिन्यांवर व समाजमाध्यमांवर एकच वाद रंगत राहिला. एक बाजू म्हणत होती की हा धूमकेतू नसून यान असू शकते, पण प्रस्थापित शास्त्रज्ञ वेगळा विचार ऐकूनच घेत नाहीत. गॅलिलिओचे काय झाले, खंड सरकतात असे सांगणाऱ्या वेगेनरचे काय झाले, आठवा. दुसरी बाजू म्हणत होती की असल्या कल्पनांवर शब्द खर्च करणे हाच विज्ञानाचा अपमान आहे. माझ्या मते हा वाद दोन्हीकडून चुकीच्या जागी लढला गेला. एखादी कल्पना धाडसी आहे की हास्यास्पद, मांडणारा एकटा आहे की त्याच्यामागे बहुमत आहे, यावरून आकाशातल्या वस्तूचे अस्तित्व ठरत नाही. जे अजून कोणी नीट पाहिलेले नाही त्याचा दावा करण्याचा अधिकार प्रत्येक संशोधकाला आहे. मात्र दिसलेला संकेत खरोखर आकाशातला असेल तर कोणत्या बदलाबरोबर तो कसा बदलला पाहिजे, हे त्याने सांगितले पाहिजे आणि त्या परीक्षेचा निकाल मान्य केला पाहिजे. हे कसे घडते आणि कुठे बिघडते, हे समजून घ्यायला लुई फ्रँक यांच्या ‘छोट्या धूमकेतूं’च्या प्रकरणाइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

फ्रँक हे हौशी गृहस्थ नव्हते. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गी पट्टे शोधणाऱ्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांचे ते विद्यार्थी होते आणि आयोवा विद्यापीठात अवकाशातील उपकरणे बांधण्यात त्यांची हयात गेली. १९८१ मध्ये सोडलेल्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर-१ या उपग्रहावरील त्यांच्या कॅमेऱ्याने ध्रुवप्रकाशाचा, ग्रीक अक्षर थीटासारखा दिसणारा, एक नवा आकार दाखवून दिला होता. याच कॅमेऱ्याच्या अतिनील प्रतिमांत, दिवसा उजळलेल्या वातावरणाच्या पार्श्वभूमीवर, बारीक काळे ठिपके दिसत. जॉन सिग्वार्थ या विद्यार्थ्याला त्यांचे कारण शोधायला सांगितले गेले. उपकरणातील दोष, दळणवळणातील चुका, सगळे तपासून झाले आणि ठिपके काही जाईनात. १९८६ मध्ये फ्रँक, सिग्वार्थ आणि जॉन क्रेव्हन यांनी ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ या पत्रिकेत मांडले की हे ठिपके म्हणजे वातावरणात क्षणभर पडणारी भोके आहेत. सुमारे १२ मीटर व्यासाचे, भुसभुशीत बर्फाचे आणि काळ्या आवरणाचे पिंड पृथ्वीजवळ येऊन फुटतात, त्यांच्या पाण्याची वाफ अतिनील प्रकाश शोषून घेते, आणि हे मिनिटाला सुमारे वीस वेळा घडते.

या आकड्यांचा अर्थ नीट लावून पाहावा. मिनिटाला वीस म्हणजे वर्षाला एक कोटीहून अधिक. मूळ अंदाजाप्रमाणे प्रत्येकी शंभर टन धरले, तर वर्षाला सुमारे शंभर कोटी टन, म्हणजे एक घन किलोमीटर पाणी. आपल्या परिचित मापात ते सुमारे ३५ टीएमसी भरते. कोयना धरणाच्या १०५ टीएमसी क्षमतेचा एक तृतीयांश. हे पाणी सगळ्या पृथ्वीवर पसरले तर शंभर वर्षांत त्याचा थर पाव मिलिमीटरही होत नाही. त्यामुळे समुद्रकिनारी उभे राहून हा दावा खोडता येत नाही, आणि त्याची ताकद इथेच आहे. पण महासागरांतील सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी या वेगाने साठायला १३३ कोटी वर्षे पुरतात आणि पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांहून थोडे अधिक आहे. म्हणजे महासागरांच्या उगमाचे उत्तर या ठिपक्यांत दडलेले असू शकत होते. पुढे फ्रँक यांनी वजनाचा अंदाज वीस ते चाळीस टनांपर्यंत खाली आणला, तरी दाव्याची भव्यता तीच राहिली. इतके मोठे उत्तर इतक्या बारीक ठिपक्यांतून निघत असताना त्यावर विश्वास ठेवावासा वाटणे मला स्वाभाविक वाटते.

फ्रँक यांच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे असे आहे की प्रतिमेतला ‘गोंगाट’ म्हणून जे फेकून दिले जाते त्यातच अनेकदा शोध असतो. हे खरे आहे आणि ते हलक्यात घेता कामा नये. १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात जी खरखर जाता जात नव्हती, ती विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारण निघाली. फ्रँक यांच्या शोधनिबंधाच्या जेमतेम वर्षभर आधी, १९८५ मध्ये, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर केली. निम्बस-७ या उपग्रहाच्या नोंदींत ती घट होती, पण अतिशय कमी आकडे संशयास्पद ठरवून बाजूला काढले गेले होते. त्याही मागे जायचे तर, आकाशातून दगड पडतात हे अठराव्या शतकातल्या बहुतेक विद्वानांना भाकड वाटत होते. १७९४ मध्ये क्लाड्नी यांनी ते लिहिले तेव्हा त्यांच्यावर टीका झाली आणि १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेगल गावावर दगडांचा वर्षाव होऊन बियो यांनी जागेवर जाऊन चौकशी केली तेव्हा कुठे शंका मिटली. मग फ्रँक यांचेच ठिपके गोंगाट कशावरून? हा प्रश्न रास्त होता. तो निबंध छापण्याचा निर्णय घेणारे संपादक अ‍ॅलेक्स डेस्लर यांनी तो प्रश्न रास्त मानला म्हणूनच छापला. पुढे १९९१ मध्ये याच डेस्लर यांनी या गृहीतकाची सविस्तर चिकित्सा करून ते नाकारले. छापणे आणि नाकारणे या दोन कृतींत मला विसंगती दिसत नाही. दोन्ही एकाच जबाबदारीच्या भावनेतून आल्या होत्या.

पण वरच्या उदाहरणांत निर्णायक काय ठरले, हे विसरून ती वापरली जातात. ओझोनची घट मान्य झाली, कारण जमिनीवरच्या वेगळ्या उपकरणाने आणि वरच्या उपग्रहाने एकाच जागी, एकाच ऋतूत तीच घट दाखवली. पेन्झियस आणि विल्सन यांची खरखर दिशा बदलली, दिवस बदलला, ऋतू बदलला तरी तशीच राहिली, आणि विश्वव्यापी प्रारणाकडून नेमकी हीच अपेक्षा असते. आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये ब्लाँडलो यांनी ‘एन-किरण’ नावाचे नवे प्रारण शोधल्याचे जाहीर केले आणि अनेक सहकाऱ्यांनाही ते दिसू लागले. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी प्रयोगशाळेच्या अंधारात उपकरणातला, किरण वळवणारा लोलक (प्रिझम) गुपचूप काढून घेतला. तरीही निरीक्षकांचे आकडे पूर्वीसारखेच येत राहिले. वुड यांनी ब्लाँडलो यांच्या प्रतिष्ठेबद्दल काहीच सिद्ध केले नाही. संकेत ज्यावर अवलंबून असायला हवा ती गोष्ट त्यांनी काढून घेतली आणि संकेत तिच्यावर अवलंबून नाही एवढेच दाखवले.

छोट्या धूमकेतूंच्या बाबतीत ही संधी पोलर या उपग्रहाने दिली. १९९६ मध्ये सोडलेल्या या उपग्रहावर फ्रँक यांचा कॅमेरा होता, तसाच जॉर्ज पार्क्स यांचा स्वतंत्र अतिनील कॅमेराही होता. मे १९९७ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत फ्रँक आणि सिग्वार्थ यांनी नव्या प्रतिमा दाखवल्या: दुसरा उपग्रह, अधिक चांगले उपकरण, आणि तरीही काळी भोके, शिवाय हजारो किलोमीटर उंचीवर पिंडाच्या मागे उमटणारी हायड्रॉक्सिलची, म्हणजे पाण्याचा रेणू फुटून उरणाऱ्या तुकड्यांची, चमकती रेघ. त्या दिवसांत संशयवादी अडचणीत आले होते आणि तसे ते यायलाच हवे होते. परंतु पार्क्स यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या उड्डाणापूर्वीच्या प्रतिमा काढल्या, प्रयोगशाळेत दिव्यासमोर ठेवून घेतलेल्या. काळ्या ठिपक्यांचे तसलेच पुंजके त्यांतही होते, आणि त्या दिव्यासमोर धूमकेतू असण्याची काही शक्यता नव्हती. बर्कलीच्या फॉरेस्ट मोझर यांची चाचणी मला त्याहूनही सुंदर वाटते. पोलरची कक्षा फार लांबट होती. तो पृथ्वीपासून कधी सुमारे पाच हजार किलोमीटरवर असे, तर कधी पन्नास हजारांवर. पन्नासएक किलोमीटर रुंदीचे भोक खरोखर वातावरणात असेल, तर जवळून ते कितीतरी पिक्सेल व्यापेल आणि दुरून एखाददुसऱ्या पिक्सेलमध्ये मावेल. ठिपक्यांचा आकार मात्र उंची कितीही असली तरी तेवढाच राहिला. अंतर बदलूनही जो बदलत नाही तो ठिपका कॅमेऱ्यातला आहे, यापलीकडे दुसरा निष्कर्ष कसा काढायचा?

याच्या जोडीला चंद्राची साक्ष आहे आणि तिच्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक वाटते, कारण फ्रँक यांच्या बचावाचे स्वरूप इथे सर्वांत स्पष्ट दिसते. लक्ष्य म्हणून चंद्राचे क्षेत्रफळ पृथ्वीच्या सुमारे तेराव्या-चौदाव्या हिश्शाएवढे आहे. त्याचे कमी गुरुत्वाकर्षण जमेस धरूनही पृथ्वीवर मिनिटाला वीस पिंड येत असतील तर चंद्रावर तासाला काही डझन आदळलेच पाहिजेत. अपोलो मोहिमांनी ठेवलेले भूकंपमापक सप्टेंबर १९७७ पर्यंत चालू होते; त्या सबंध काळात त्यांनी नोंदवलेले अशनींचे आघात सुमारे १,७०० आहेत. फ्रँक यांचे उत्तर असे की हे पिंड इतके भुसभुशीत आहेत की त्यांच्या आघाताने चंद्रपृष्ठ फारसे हादरत नाही. हे उत्तर तपासता येते, कारण अतिशय हलकी वस्तू चंद्रावर आदळल्याची नोंद आपल्याकडे आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या अग्निबाणाचा रिकामा तिसरा टप्पा मुद्दाम चंद्रावर आदळवण्यात आला. तो सुमारे १८ मीटर लांब, साडेसहा मीटर व्यासाचा आणि जवळपास १४ टनांचा होता. म्हणजे त्याची सरासरी घनता घनमीटरला पंचवीस किलोपेक्षाही कमी. फ्रँक यांचा बारा मीटरचा पिंड शंभर टनांचा धरला तर घनमीटरला ११० किलो, आणि तीस टनांचा धरला तरी ३३ किलो भरतो. त्या टप्प्याचा वेग सेकंदाला सुमारे २.६ किलोमीटर होता आणि बाहेरून येणारी कोणतीही वस्तू चंद्रावर सुमारे २.४ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने आदळू शकत नाही. त्या पोकळ डब्याच्या आघाताची कंपने अपोलो-१२ च्या भूकंपमापकावर तीन तासांहून अधिक काळ उमटत राहिली. अधिक वजनाचे, अधिक दाट आणि बहुधा कितीतरी अधिक वेगाचे पिंड तासाला डझनांनी आदळत असताना हाच भूकंपमापक गप्प कसा राहील? चांद्रयान-१ ने चंद्रावर पाणी शोधलेच ना, असे इथे कोणी विचारील. त्या मोहिमेवरील उपकरणाने २००९ मध्ये दाखवून दिलेले पाणी आणि हायड्रॉक्सिल पृष्ठावरच्या पातळ, विरळ थरातले आहे. अब्जावधी वर्षे तासाला डझनांनी बर्फाचे ढीग पडत असते, तर चंद्र इतका कोरडा राहिलाच नसता.

बचाव करण्याची ही पद्धत मला दाव्यापेक्षा अधिक काळजीची वाटते. दुर्बिणीतून दिसत नाहीत, म्हणून आवरण अतिकाळे. वातावरणात तेजस्वी उल्का म्हणून चमकत नाहीत, म्हणून वरच फुटून विखुरतात. भूकंपमापकावर येत नाहीत, म्हणून भुसभुशीत. त्यांच्याबरोबर यायला हवे तेवढे क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू हवेत सापडत नाहीत, म्हणून त्यांचा बर्फ हॅलीसारख्या परिचित धूमकेतूंच्या बर्फाहून वेगळा. प्रत्येक गुणधर्म एकेकटा अशक्य नाही. परंतु हे सगळे गुणधर्म निरीक्षणांतून आलेले नव्हते. शोध फसला की तो का फसला हे सांगण्यासाठी ते जोडले गेले होते. यावर प्रामाणिक आक्षेप असा येतो की गृहीतक वाचवण्यासाठी नवी गोष्ट जोडणे विज्ञानात निषिद्ध नाही, आणि हे बरोबर आहे. युरेनसची कक्षा जुळेना तेव्हा ल व्हेरिये यांनी न दिसलेला ग्रह जोडला आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यांना नेपच्यून त्यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाची कक्षा जुळेना तेव्हा याच ल व्हेरिये यांनी याच रीतीने ‘व्हल्कन’ जोडला. १८५९ मध्ये लेस्कार्बो या डॉक्टरांनी तो पाहिल्याचेही सांगितले, आणि नंतरच्या ग्रहणागणिक तो निसटत राहिला. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांनी शतकाला ४३ विकलांचा तो फरक ग्रहाशिवाय सोडवला. माणूस तोच, गणिती कौशल्य तेच, मग फरक कुठे होता? नेपच्यूनच्या वेळी जोडलेल्या गोष्टीने कुठे पाहायचे ते सांगितले. व्हल्कनच्या वेळी ती हळूहळू का दिसत नाही तेच सांगू लागली.

फ्रँक यांना शोधण्याची संधीच मिळाली नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतल्या स्पेसवॉच दुर्बिणीने नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे क्लेन येट्स यांनी १९८८ च्या सुमारास हे पिंड शोधले आणि काही पुसट रेघा सापडल्याचे जाहीर केले. इतरांना त्या पटल्या नाहीत. दहा वर्षांनी फ्रँक यांच्याच विद्यापीठातले रॉबर्ट म्यूटेल आणि जॉन फिक्स यांनी अ‍ॅरिझोनातील स्वयंचलित दुर्बिणीने रात्रीमागून रात्री शोध घेतला आणि एकही पिंड सापडला नाही असे लिहिले. त्याच दुर्बिणीच्या प्रतिमांत आपल्याला नऊ छोटे धूमकेतू दिसतात, असे फ्रँक आणि सिग्वार्थ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच दुर्बिणीतून एकाला शून्य आणि दुसऱ्याला नऊ दिसतात, तेव्हा मोजला जाणारा संकेत गोंगाटाच्या काठावर आहे एवढेच सिद्ध होते. २०१४ मध्ये फ्रँक निवर्तले, तोवर त्यांनी मत बदलले नव्हते. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, आणि ज्यांनी त्यांची केवळ टवाळी केली त्यांनी विज्ञानाची कसलीही सेवा केली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रँक यांना उत्तर दिले ते पार्क्स, मोझर, म्यूटेल यांनी, कारण त्यांनी कष्ट घेऊन मोजमाप केले.

म्हणजे छोटे धूमकेतू नसतातच काय? असतात, आणि कितीतरी आहेत. १९९५ च्या डिसेंबरात सोडलेल्या सोहो या सूर्यनिरीक्षक उपग्रहाच्या प्रतिमांत २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू सापडले. त्यांतले बहुसंख्य क्रॉइट्झ कुलातले, एका मोठ्या धूमकेतूच्या विखंडनातून निघालेले आणि अनेकदा काही डझन मीटरांपेक्षा मोठे नसलेले तुकडे आहेत. सूर्याजवळ तापून उजळतात तेव्हाच ते दिसतात. तेही प्रतिमेत ठिपक्यासारखेच असतात आणि त्यांतले बरेचसे जगभरच्या हौशी निरीक्षकांनी घरबसल्या ओळखले आहेत. मग ते का स्वीकारायचे? कारण ठिपका एका प्रतिमेतून पुढच्या प्रतिमेत कक्षेच्या नियमानुसार सरकतो, दोन-चार प्रतिमांवरून त्याची पुढची जागा सांगता येते आणि तो तिथे असतो. उपकरणातला दोष न्यूटनचे नियम पाळत नाही.

याहून अवघड प्रश्न वर्गीकरणाचा आहे, आणि इथे संशयवाद्यांनीही सावध राहायला हवे. धूमकेतू म्हणजे बर्फाळ आणि लघुग्रह म्हणजे खडकाळ ही शालेय विभागणी केव्हाच ढासळली आहे. १९७७ मध्ये सापडलेल्या कायरॉनला लघुग्रहाचा क्रमांक आहे आणि धूमकेतूचाही. १९७९ मध्ये लघुग्रह म्हणून नोंदल्या गेलेल्या एल्स्ट-पिझारोला १९९६ मध्ये शेपटी दिसली. २०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला ओउमुआमुआ आधी धूमकेतू म्हणून नोंदला गेला, मग लघुग्रह ठरला आणि अखेर आंतरतारकीय पिंडांचा नवाच वर्ग करून त्यात घातला गेला. धूळ वा वायू न दिसताही त्याला गुरुत्वाकर्षणापलीकडचा हलका रेटा मिळत होता, आणि निर्णायक पुरावा गोळा होण्याआधी तो दृष्टीआड गेला. २०२३ मध्ये डॅरिल सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीजवळच्या सहा बारक्या पिंडांत असाच रेटा मोजला. शेपटी नाही, धुळीचे आवरण नाही, पण कक्षा हलते आहे. पुढच्या वर्षी ही संख्या चौदावर गेली आणि त्यांना ‘अंधारे धूमकेतू’ हे नाव रूढ झाले. मग फ्रँक यांचे काळे, न दिसणारे, काही मीटरांचे पिंड हेच नव्हेत काय, असे विचारण्याचा मोह होईल. संख्येच्या हिशेबात ते उघड वेगळे आहेत. वर्षाला कोटींनी पृथ्वीवर पडणारे पिंड आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या कक्षेत पाठपुरावा करता येणारे चौदा पिंड यांत काही नाते नाही. पण मला संख्येपेक्षा रीत महत्त्वाची वाटते. सूर्यप्रकाशाचा दाब पिंडाला सूर्यापासून दूर ढकलतो आणि उष्णतेच्या उत्सर्जनाचा परिणाम मुख्यतः कक्षेच्या दिशेने होतो. सेलिगमन यांच्या गटाला कक्षेच्या प्रतलाबाहेरचा रेटा सापडला, म्हणून वायूची अदृश्य गळती हे स्पष्टीकरण पुढे आले. इथे न दिसणे हे गृहीतकाचे संरक्षण नाही. वेगवेगळ्या वेधशाळांनी अनेक वर्षे नोंदवलेल्या जागांतून मोजलेला परिणाम आधी आहे आणि नाव नंतर आले आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारने हाच धडा जमिनीवर दिला आहे. भोवती सगळा लाव्हाचा काळा पाषाण, मग हे १.८ किलोमीटरचे विवर ज्वालामुखीचेच असणार, हा तर्क दीर्घकाळ पुरेसा वाटला. १९७३ मध्ये खडकांच्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारी मास्केलिनाइट ही काच दाखवली गेली आणि प्रश्न सुटला. आजूबाजूच्या परिस्थितीवरून बांधलेला साधा तर्क चुकला होता आणि आघाताची वरकरणी दूरची कल्पना खरी निघाली, कारण ज्वालामुखीने जे घडूच शकत नाही ते तिने हातात ठेवले.

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या तेव्हा अवघ्या दहाएक तासांच्या निरीक्षणातून दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह हाती आले होते. पुढची दहा वर्षे अशा पिंडांचा ओघ वाहणार आहे आणि त्यांत चमत्कारिक वागणारे, कोणत्याच खणात न बसणारे पिंड असणारच. प्रत्येक वेळी यानाची बातमी आणि त्यावर तुच्छतेचे उत्तर, एवढ्यावर आपली चर्चा थांबली तर मराठी वाचकाला या शोधांतला सर्वांत देखणा भाग कधी कळणारच नाही. वाहिनीवर बसलेल्या तज्ज्ञाला विचारायचा प्रश्न साधा आहे: हा संकेत उपकरणातला असता तर कसा वागला असता, आणि तो तसा वागतो आहे का? अंधाऱ्या धूमकेतूंनाही या प्रश्नातून सूट नाही. जपानचे हायाबुसा-२ हे यान २०३१ मध्ये त्यांच्यापैकीच १९९८ केवाय-२६ या पिंडाजवळ पोचायचे आहे. हा पिंड ताज्या मोजमापानुसार जेमतेम ११ मीटरचा आहे, म्हणजे योगायोगाने फ्रँक यांच्या कल्पित धूमकेतूएवढाच, आणि सुमारे पाच मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. तिथे बर्फाचा वा वायूचा माग लागला नाही, आणि रेट्याचे दुसरे कारण सापडले, तर त्या पिंडापुरते ‘धूमकेतू’ हे नाव मागे घ्यावे लागेल, आणि ज्यांनी ते दिले त्यांनीच ते आधी मागे घ्यावे अशी माझी अपेक्षा आहे.